अव्वांची गॅसबत्ती

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून गोणपाटात बांधलेलं एक गाठोडं खाली आलं. ते सोडायच्या आधीच अव्वा, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "हळू गं. आत ग्यास आहे." आमचा आठवीतला चिरंजीव सिलिंडर समजून दोन पावलं मागं सरकला. निघाली गॅसबत्ती. काळवंडलेली, टोपी एका बाजूनं चेपलेली, काच नाही. वास मात्र शाबूत होता, चिकट झालेल्या जुन्या रॉकेलचा.

अव्वांच्या वडिलांचा, आप्पांचा, बत्त्या भाड्यानं द्यायचा धंदा होता. लग्नाच्या वराती, रात्रीची भजनं, आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतली दुकानं. एकूण बारा बत्त्या. वरातीत त्या बायकांच्या डोक्यावर असायच्या, खाली चुंबळ. अव्वा सांगतात, डोक्यावर बत्ती घेणाऱ्या बाईला उजेड दिसत नाही, नुसती टाळू तापते. धंदा बसला तेव्हा अकरा बत्त्या पितळेच्या भावानं मोडीत गेल्या. ही बारावी अव्वांनी माहेराहून मागून आणली आणि माळ्यावर टाकली. पुढची तीस-पस्तीस वर्षं तिला कुणी हात लावला नाही.

"पेटेल का हो अव्वा?"

"न पेटायला काय झालं तिला?"

मी एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. स्पिरिटचे दिवे, बर्नर, काचनळ्या हे माझं रोजचं काम. त्यामुळे हे आपल्याला सहज जमेल असा माझा समज झाला. त्या समजापायी दोन महिने आणि जवळजवळ १,८०० रुपये गेले.

टाकी चिंच-मिठानं घासल्यावर अक्षरं वर आली. पेट्रोमॅक्स, ८२९, ५०० कँडल पॉवर. हे मूळ जर्मन नाव. बर्लिनच्या एरिश आणि ग्रेत्झ कंपनीतल्या माक्स ग्रेत्झनं हा दिवा काढला, आणि पेट्रोलियममधला 'पेट्रो' न् त्याचा स्वतःचा 'मॅक्स' जोडून नाव झालं असं सांगतात. पुढं आपल्याकडं कुठल्याही कंपनीची बत्ती पेट्रोमॅक्सच झाली, जसं कुठलंही वनस्पती तूप डालडा. घासताना एक चूक केली. वरचा निकेलचा मुलामा दोन ठिकाणी खरवडला गेला. आता तिथं पितळ दिसतं. अव्वांना ते आवडलं, मला अजून खुपतं.

हिला वात नसते. टाकीत हवा भरली की रॉकेल पितळी नळीतून वर चढतं. ती नळी तापलेली असली तर रॉकेलची वाफ होते, निपलच्या बारीक भोकातून जोरात सुटते, जाताना बाजूची हवा ओढून घेते आणि मेंटलमध्ये, म्हणजे उजेड देणाऱ्या जाळीत, जळते. त्या ज्योतीनं नळी तापत राहते, म्हणून पुढची वाफ होत राहते. एकदा सुरू झालं की चक्र आपलं आपण चालतं. सुरू करायला मात्र बाहेरून स्पिरिटची आच द्यावी लागते. एवढं समजलं की दुरुस्तीचं निम्मं काम झालं, असं मला वाटलं होतं. सामान शोधणं त्यात धरलंच नव्हतं.

पहिल्यांदा पंप. दांडा वरखाली व्हायचा पण हातावर जोर येत नव्हता. उघडला तर आतलं चामड्याचं वाटी वॉशर पापडासारखं वाळून तडकलेलं. नवी पेठेत तीन दुकानं विचारली. "पेट्रोमॅक्सचा वॉशर आहे का?" एकानं मोबाइलमधून डोकं वर न काढता नाही म्हटलं, दुसऱ्यानं प्लंबिंगचं वॉशर पुढं केलं, तिसरा म्हणाला, "मॅडम, एलईडी घ्या की." मधला मारुती, फलटण गल्ली, सगळीकडं हेच. शेवटी कन्ना चौकाच्या पुढं एका बोळात कुकर आणि शेगडी दुरुस्त करणारे एक अण्णा भेटले. पूर्वी त्यांचं काम फक्त पंपाचे स्टो दुरुस्त करायचं. त्यांनी माझं वाळकं वॉशर हातात घेतलं आणि विचारलं, "काय म्हणून मागत फिरलात?"

"पेट्रोमॅक्सचं वॉशर."

"मग कोन देनार? असं नाव घेऊन फिरायचं नाही ओ ताई. ते कशाचं आहे न् काय काम करतंय ते सांगा. मग ज्याच्याकडं तसलं काम आहे तो देतंय."

गल्ल्यामागच्या पत्र्याच्या डब्यातून त्यांनी स्टोच्या पंपाचं चामडी वॉशर काढलं, २० रुपये. माप एक. म्हणाले रात्रभर एरंडेलात ठेवा, आणि वाटीचं तोंड खाली, टाकीकडं. उलटं बसवलं तर आयुष्यभर पंप मारत बसाल. घरी बसवलं. चौथ्या-पाचव्या दट्ट्याला दांडा हाताला मागं रेटायला लागला. तो रेटा हाताला लागला त्या क्षणी मी या बत्तीत अडकले.

पण दांडा रेटतच राहिला. हात सोडला की आपोआप वर यायचा, पंपाच्या तोंडातून रॉकेलचे थेंब. म्हणजे पंपाच्या तळाचा एनआरव्ही गळत होता. हवा आत जाऊ देणारा पण परत येऊ न देणारा हा छोटा व्हॉल्व्ह. खोल नळीच्या तळाशी असतो, त्याची खाच साध्या पेचकसाला सापडत नाही. इथं अण्णांचा मंत्र वापरला. 'एनआरव्हीचा पाना' न म्हणता अक्कलकोट रोडवर मागांचे सुटे भाग बनवणाऱ्या लेथवाल्याकडं गेले आणि म्हटलं, "एवढ्या लांब दांड्याला एवढं तोंड पाहिजे, टोक चपटं." त्यानं चहा येईपर्यंत करून दिलं. पैसे घेईना, मग ५० ठेवून आले.

आत वाटाण्याएवढी रबराची टिकली होती, दगडासारखी. मी सायकलच्या जुन्या ट्यूबची टिकली कापून बसवली, पंप मारला, झकास. सकाळी परत तेच. प्रयोगशाळेत राहून हे आधी सुचू नये याची लाज वाटली. मग दोन परीक्षानळ्यांत रॉकेल घेतलं. एकीत ट्यूबचा तुकडा, दुसरीत हायड्रॉलिकच्या दुकानातून आणलेल्या नायट्राइल रबराच्या रिंगचा तुकडा. चार दिवसांनी ट्यूबचा तुकडा फुगून दीडपट झालेला, बोटानं दाबला तर लोण्यासारखा. नायट्राइल जसाच्या तसा, व्हर्नियरनं मोजलं तरी फरक नाही. रसायनच्या सरांनी ती दुसरी नळी नववीच्या वर्गात दाखवायला नेली ती अजून परत आलेली नाही.

रॉकेल चालू-बंद करायच्या चक्रीच्या गळ्यातून रॉकेल झिरपत होतं. तिथं ग्रॅफाइट लावलेली दोरी भरतात. तिला नाव काय, कुणाला माहीत नव्हतं, पण सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगमध्ये बॉयलर आहेत आणि बॉयलरला वाफेचे व्हॉल्व्ह आहेत. तिथल्या फिटरनं वीतभर ग्लँड दोरी चिंधीत गुंडाळून दिली. बत्तीला लागली बोटाचं एक पेरभर.

आता सुई. चक्री फिरवली की आतली काडी वर सरकते, तिच्या टोकाची केसाएवढी सुई निपलच्या भोकात शिरून काजळी काढते, आणि त्याच वेळी काडीच्या खालच्या टोकाचा व्हॉल्व्ह रॉकेल बंद करतो. एकाच हालचालीत सफाई आणि बंद, हे मला फार आवडतं. मी काजळी मऊ न करता चक्री जोरात फिरवली. कट्. सुई तुटली.

ऑनलाइन मागवलेली नवी सुई आठ दिवसांनी आली. आटे सुताएवढे वेगळे. परत पाठवायला फोन केला तर पलीकडच्या मुलानं विचारलं, "मॅडम, ही शिलाई मशीनची सुई आहे ना?" मी फोन ठेवला.

मंगळवारच्या बाजारात जुन्या लोखंडी सामानाच्या पथारीवर एक बत्ती दिसली होती. देशी बनावटीची, टाकीला खालून भोक. ४०० म्हणाला, २५० ला दिली. आपल्याकडच्या बऱ्याचशा बत्त्या त्या जर्मन नमुन्याबरहुकूम बनलेल्या, त्यामुळे सुई, निपल, मातीचं नोझल एकमेकींना चालून जातं. तिच्या सुईनं माझी काडी पुरी झाली. निपलही तिचंच घेतलं. का घेतलं ते सांगते. दोन्ही निपल मी शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून वरून उजेड टाकून पाहिले. अव्वांच्या बत्तीचं भोक वर्षानुवर्षं सुई घासून अंड्यासारखं लांबट झालं होतं, एका कडेला चरा. दुसऱ्याचं गोल, कंपासनं काढल्यासारखं. नुसत्या डोळ्यांना दोन्ही म्हणजे पितळेवरचा ठिपका.

काच अव्वांनीच आठवण करून शोधली. माहेरच्या घरी कोनाड्यात 'संचार'च्या पिवळ्या पानात गुंडाळलेली एक उरली होती. मेंटल मात्र सहज मिळाले, स्टोच्या सामानाच्या दुकानात, धूळ बसलेल्या डबीत.

मेंटलबद्दल थोडं. ही जाळी म्हणजे थोरियमच्या क्षारात भिजवून वाळवलेलं कापड. पहिल्यांदा पेटवलं की कापड जळून जातं आणि मागं राहतो तो राखेचा सांगाडा, तोच पुढं तापून पांढरा उजेड देतो. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाखनं १८८५ मध्ये मेंटलचं पेटंट घेतलं, पण उजेड हिरवट पडायचा. १८९१ मध्ये त्यानं ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सेरियम ऑक्साइड हे प्रमाण जमवलं आणि जग पांढऱ्या उजेडात आलं. मग थोरियमसाठी शोधाशोध सुरू झाली. त्रावणकोरहून युरोपात जाणाऱ्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनॅझाइट आहे, हे १९०९ मध्ये शोंबर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाच्या ध्यानात आलं आणि तिथल्या किनाऱ्यावरची वाळू जहाजं भरून जाऊ लागली, ती या जाळ्यांसाठी. थोरियम किंचित किरणोत्सर्गी असतं. हातात घेतल्यानं काही होत नाही, पण फुटक्या मेंटलची राख फुंकू नये, नाकात जाऊ देऊ नये. मी ओल्या कापडानं टिपते. अव्वा म्हणाल्या, "आम्ही तर दाताला लावून भांडी घासायचो तसल्या राखेनं." दाताला की भांड्यांना, ते मी विचारलं नाही.

रॉकेल. हे सगळ्यात अवघड जाईल असं वाटलं नव्हतं. पूर्वी रेशनवर निळं रॉकेल मिळायचं, भेसळ ओळखू यावी म्हणून रंग घातलेलं. आता आमच्या दुकानात त्याचं नाव काढलं की मागच्या रांगेतले लोक हसतात. शेजारच्यांनी सुचवलं, थोडं पेट्रोल मिसळा. असला सल्ला कुणी दिला तर चहा पाजून घरी पाठवावं. दाबाखालच्या टाकीत पेट्रोल म्हणजे हातात बॉम्ब. मग पुन्हा अण्णांचा मंत्र: रॉकेल कुणाला लागतं? छापखान्याला, रुळावरची शाई धुवायला. साखर पेठेतल्या एका छापखान्यातून दोन लिटर पांढरं रॉकेल मिळालं, बाटली माझी, गाळणी त्यांची.

डिसेंबरात एका संध्याकाळी गच्चीवर सगळं नेलं. खाली ओलं पोतं, शेजारी वाळूची बादली. टाकी पाऊण भरली. चिरंजीवाला जिन्यात उभं केलं. नळीखालच्या छोट्या वाटीत स्पिरिट पेटवलं, विझत आल्यावर चक्री उघडली.

भक्कन पिवळा जाळ. काचेच्या वर, टोपीतून, हातभर उंच. काळा धूर. मी मागं झाले आणि दोन सेकंद मला काहीही आठवलं नाही. जिन्यातून चिरंजीव ओरडला, "हवा सोड, आई!" टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू फिरवला, फुस्स झालं, जाळ बसला. काच काळी, मेंटल काजळीनं भरलेलं. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, काय जळतंय?

मला वाटलं नळी नीट तापली नव्हती. थंडी होती, एका वाटी स्पिरिटनं पुरलं नसेल. दुसऱ्या दिवशी दोन वाट्या. तोच प्रकार. मग वाटलं निपल आणि वरच्या मिश्रण नळीचं तोंड यातलं अंतर चुकलं असेल. ते १४ मिलिमीटरच्या आसपास लागतं, माझं ११ भरलं. व्हर्नियर घेऊन ते बरोबर केलं. थोडा फरक पडला, पण जाळ पिवळाच. मग नळीतच दोष म्हणून एक जुनी नळी विकत घेतली. ४५० रुपये. तीही तशीच.

अण्णांकडं बत्तीचा वरचा भाग पिशवीत घालून नेला. त्यांनी तो कानाशी धरून हलवला, आत वाकून पाहिलं, मग दुकानातल्या झाडूची एक काडी तोडून मिश्रण नळीत घातली. बाहेर आली ती माती. बोटाच्या जाडीची, गोल, गुळगुळीत लिंपलेली. आणि मागून तीन वाळलेले किडे. कुंभारीण माशीनं त्या यू आकाराच्या नळीत घर केलं होतं. वाफ बिचारी वेळेवर सुटत होती, तिला हवाच मिळत नव्हती. हवा नाही म्हणून पिवळा जाळ, पिवळा जाळ म्हणून काजळी. मी प्रत्येक वॉशर भिंगाखाली पाहिलं होतं आणि दोन बोटं जाईल एवढ्या नळीत डोकावले नव्हते. अण्णा काही बोलले नाहीत. काडी पुन्हा झाडूत खोचली. ते न बोलणं ४५० रुपयांपेक्षा महाग पडलं.

मग घाई केली नाही. मुहूर्त अव्वांनीच ठरवला. यण्णीमज्जनाच्या संध्याकाळी, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेच्या पहिल्या दिवशी, अडुसष्ट लिंगांना तेलाचा अभिषेक झाला की त्यांच्या वडिलांच्या सगळ्या बत्त्या एकदम बाहेर पडायच्या. यंदा अव्वांना गुडघ्यांमुळं यात्रेला जाता आलं नव्हतं. दोघांनी हाताला धरून त्यांना गच्चीवर आणलं, खुर्चीवर बसवलं.

मेंटल त्यांनी बांधलं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय, पेपरातले मथळेसुद्धा वाचता येत नाहीत. पण जाळी हातात घेतली, नोझलच्या खाचेवर दोरा फिरवला, दोन गाठी दिल्या, उरलेला दोरा दातानं तोडला, आणि मग अंगठ्यानं चुण्या सगळीकडं सारख्या पसरवल्या. मी आधी बांधलेलं मेंटल एका बाजूला फुगून काचेला टेकायचं. यांचं मधोमध, लहान मुलाच्या टोपरासारखं. "चुणी एका बाजूला राहिली तर तिथं फाटतंय," एवढंच म्हणाल्या.

स्पिरिट दोन वाट्या. दुसरी संपत आली, चक्री उघडली. आधी निळसर फडफड, मग मेंटलचं कापड काळं झालं, आकसलं, आणि त्या काळ्यातून खालच्या टोकाकडून पांढरा उजेड वर चढत गेला. गच्चीच्या कठड्याची सावली समोरच्या इमारतीवर पडली. आणि आवाज, तो मी कधीच ऐकला नव्हता, एकसारखा सूंऽऽ.

अव्वा डोळे मिटून ऐकत होत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "आवाज पातळ झाला. हवा मार." मला काहीच फरक कळला नव्हता. वीस-पंचवीस दट्टे मारल्यावर उजेड लख्ख झाला तेव्हा कळलं. झाकणावरचा दाबाचा काटा मेलेलाच आहे, तो बदललाच नाही. अव्वा असेपर्यंत तरी लागेल असं वाटत नाही.

चिरंजीवानं मोबाइलवर मोजून सांगितलं, लिटरभर रॉकेलात साधारण आठ तास जळते ही. "मग?" अव्वा म्हणाल्या, "वरात काय दोन तासात संपते व्हय?" मग त्यांनी कुठली वरात कुठून निघायची, विजापूर वेशीत कुठं थांबायची, कुठल्या बाईची मान दुखायची, असं बरंच सांगितलं. काही कन्नडमध्ये, ते मला अर्धंच कळलं. आम्ही नऊ वाजेपर्यंत बसलो. होम मैदानाच्या बाजूनं यात्रेतल्या पाळण्यांचे दिवे दिसत होते, रंगीत, फिरते.

"आता हवा सोड," त्या म्हणाल्या. "भरलेली ठेवून झोपायचं नाही. आप्पा कधी झोपायचे नाहीत."

स्क्रू सैल केला. फुसकारा आला, मेंटल पांढऱ्याचं पिवळं, पिवळ्याचं लाल झालं आणि विझलं.

दुसऱ्या दिवशी बत्ती खाली आणताना जिन्याच्या वळणावर कठड्याला हलकीच लागली. काचेच्या तळाशी चिमूटभर पांढरी राख. डबीत अजून चार मेंटल आहेत. बाजारातून आणलेल्या त्या दुसऱ्या बत्तीच्या टाकीचं भोक बुजवायला कोण भेटतंय, ते आता मी शोधते आहे. कल्हईवाला म्हणतोय डाग देतो, पण दाबाला टिकेल का, ते तो सांगत नाही.